दत्तूनानांनी सुधारलेली सुलू

पेण शहरातील तमाम नागरिक, रामवाडीतील समस्त शेजारीपाजारी आणि वडखळ नाक्यापासून थेट रोह्यापर्यंत पसरलेले सोयरेधायरे यांना अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, श्री. दत्तूनाना यांच्या कन्येचा फोटो आज पुन्हा एकदा सुधारण्यात आलेला आहे. जुना फोटो कोणाच्या घरी, पाकिटात अथवा मोबाईलमध्ये आढळल्यास तो बाद समजावा. हुकमावरून.

ही दवंडी मी माझ्या दुकानाच्या पायरीवर उभा राहून, दोन्ही हातांचा कर्णा करून द्यायचो. समोरचा पानवाला चुना लावता लावता थांबायचा. आणि खुद्द दत्तूनाना रस्त्याच्या मध्यात उभे राहून, काखेतलं पाकीट घट्ट धरून म्हणायचे, "बाळ्या, चेष्टा नको. वाईच सुधारलाय फक्त."

माझं फोटोफ्रेमचं दुकान आहे. माझी गिऱ्हाइकं तीन जातींची: देव, पुढारी आणि मयत. काचेआड गेले की तिघंही सारखेच सज्जन दिसतात. चौथी जात एकट्या नानांची. जिवंत मुलीचा फोटो इतक्या वेळा फ्रेम करून नेणारा बाप मी दुसरा पाहिला नाही. जुनी चौकट उघडायची, जुना फोटो काढायचा, नवा सुधारलेला बसवायचा. माझे खिळे झिजले, पण नानांचं समाधान होईना.

नाना गणपतीच्या कारखान्यात आखणी करायचे. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. पेणकरांना हे सांगावं लागत नाही, तुम्ही बाहेरचे असाल म्हणून सांगतो. माती, साचा, रंग, दागिने ही कामं पुष्कळांना येतात. डोळे सगळ्यात शेवटी, आणि ते काढणारा हात वेगळा. तोवर रांगेत बसलेल्या मूर्तींकडे कारखान्यात कोणी फारसं लक्ष देत नाही. कोणी त्यांच्याकडे पाठ करून तंबाखू मळतं, कोणी मूर्तीच्या पाटावर जेवणाचा डबा ठेवतं. नाना समोर मांडी घालून बसायचे, श्वास धरायचे, बारीक ब्रशाचं टोक टेकवायचे. ते ब्रश उचलून मागे सरकले की डबा ठेवणारा आपोआप आपला डबा उचलायचा.

त्या दोन डोळ्यांची नजर अशी एक, की उजवा बघेल तिथंच डावा. नानांच्या हातून आयुष्यात एकही गणपती तिरळा निघाला नाही. त्याचा त्यांना अभिमान होता आणि त्या अभिमानाचा आम्हा सगळ्यांना ताप होता. माणसं त्यांना डोळ्यांवरून ओळखू यायची. "तो रे, ज्याच्या पापण्या उतरत्या काढल्यात." "तिचे डोळे चांगलेत, पण अंतर चुकलंय." एकदा आमच्या कोपऱ्यावर एका होतकरू पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला. फोटोत साहेबांची नजर जरा भरकटली होती. नानांनी मंडपवाल्याची शिडी मागून घेतली आणि भरदिवसा वर चढून साहेबांची बुबुळं जागेवर आणली. खाली जमलेल्या लोकांना म्हणाले, "मतं आपल्याकडं मागतोय नि बघतोय पेट्रोल पंपाकडं. बरं दिसतं काय?" साहेबांना राग यायच्या ऐवजी ते इतके खूश झाले, की पुढचे सगळे फ्लेक्स त्याच डोळ्यांनी छापले.

अशा माणसाच्या घरी मुलगी जन्मली. नानांनी मोठ्या हौसेनं नाव ठेवलं, सुलोचना. बारशाच्या दिवशी ती बहुधा झोपलेली होती. पुढं काही महिन्यांनी लक्षात आलं, की सुलोचनेचा उजवा डोळा तुमच्याकडं आणि डावा स्वतःच्या नाकाकडं असतो.

सुलूची आई होती तोवर म्हणायची, "दृष्ट लागू नये म्हणून देवानंच ठेवलंय तेवढं. असू दे." पण सुलू शाळेत जायच्या आतच ती माउली गेली आणि बापलेक दोघंच उरली. मुंबईच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं होतं. नाना पोरीला नवा फ्रॉक घालून घेऊनही गेले. डॉक्टरांनी चांगुलपणानं सगळं समजावून सांगितलं, कुठं कापणार, कुठला स्नायू कसा ओढणार. नानांनी ते पुरतं ऐकून घेतलं, सुलूला कडेवर उचललं आणि सरळ एसटी स्टँड गाठला. "डोळ्याला हत्यार लावायचं?" रामवाडीत उतरल्यावर ते सगळ्यांना विचारत सुटले. "अरे, साधा ब्रश टेकवताना माझा जीव वरखाली होतो!"

त्यानंतर त्यांनी तो डोळा स्वतःच्या अंगावर घेतला. पोरीचा नाही, तर पोरीच्या फोटोतला.

सुरुवातीला फोटो स्टुडिओत काढायचे आणि घरी आणून त्यावर काम चालायचं. भिंग, ओला कापूस आणि अगदी बारीक ब्रश. डावं बुबुळ नाकाकडून हळूच उचलून मधोमध आणून ठेवायचे. काम असं बेमालूम, की भिंगातून बघितलं तरी सांधा दिसू नये. मग सुलू माझ्या दुकानात यायची, काउंटरवर कोपरं टेकून म्हणायची, "बाळूकाका, या खेपेला मी कशी झालेय, बघू?"

मी फोटो पुढं करायचो. ती लांबून बघायची, जवळून बघायची.

"बरी हाय की हो ही. माझ्यापेक्षा शहाणी दिसते."

आणि हसायची. हसली की तो डावा डोळा आणखी थोडा आत जायचा. खोटं हसली तर जागचा हलायचा नाही. त्यामुळं सुलूला माझा विनोद खरंच आवडला की नुसतं मन राखतेय, हे मला तत्काळ कळायचं. पेणमध्ये माझ्या विनोदाची एवढी चोख पावती मला दुसऱ्या कोणी दिली नाही.

पुढं नानांना वाटलं, फोटो काढतानाच काळजी घेतली तर नंतरचा त्रास वाचेल. मग रविवारी सकाळी गच्चीवर कवायत सुरू झाली. "हनुवटी खाली. मान उजवीकडं. अजून. नजर पायाच्या अंगठ्याकडं. आता श्वास धर." मूर्ती श्वास घेत नाही, पोरगी घेते, हा फरक नानांच्या लक्षात यायला वेळ लागायचा. सुलू लाल होईपर्यंत श्वास धरून उभी राहायची आणि शेवटी फस्सकन हसून सगळं बिघडवायची.

पण सवय अंगात मुरली ती मुरलीच. समोर कोणी कॅमेरा धरला, की हिची मान आपोआप उजवीकडं आणि डोळे जमिनीवर. शाळेच्या ग्रुप फोटोत सगळा वर्ग समोर बघतोय आणि सुलू आपल्या चपला मोजतेय. मैत्रिणीच्या हळदीत कोणी नुसता मोबाईल वर काढला, वेळ बघायला, तरी हिची मान वळली. एकदा तर जेवताना खिडकीबाहेर वीज चमकली आणि हिनं घास तसाच ठेवून हनुवटी खाली घेतली! मी पोट धरून हसलो होतो. तीही हसली. डोळा जागचा हलला नव्हता, ते मला पुष्कळ नंतर आठवलं.

दहावीच्या परीक्षेला हॉल तिकिटावर अर्थातच सुधारलेली सुलू गेली. पर्यवेक्षक आले, फोटो बघितला, पोरीकडं बघितलं, परत फोटो बघितला.

"ही तू?"

"मीच हाय सर. बाबांनी सुधारलंय."

"काय सुधारलंय?"

"मला."

त्या भल्या माणसानं पुढं काही विचारलं नाही. हा किस्सा मी चारचौघांत रंगवून सांगायचो, टाळ्या घ्यायचो. नाना ऐकत बसायचे आणि शेवटी न चुकता विचारायचे, "पण सरांना फोटो आवडला ना?"

मग मोबाईलचे दिवस आले. चेहरा उजळ करणारी, गाल गुलाबी करणारी ॲपं सुलूनंच त्यांना दाखवली. नानांनी ती तुच्छतेनं बाजूला सारली. "यांना पावडर लावता येते, आखणी येत नाय." पण बुबुळ कापून सरकवायची सोय त्यांना सापडली मात्र, आणि ते हरखून गेले. आता ओटीवर बसल्या बसल्या, बोटाच्या टोकानं, तासन्‌तास. तिच्या मैत्रिणींनी पाठवलेले फोटो, लग्नाकार्यातले फोटो, जे हाती लागेल ते सुधारायचं. सुधारलेला ठेवायचा, आधीचा काढून टाकायचा. घरात कचरा साठू द्यायचा नाही, हा कारखान्यातला नियम.

रोह्याचं स्थळ आलं ते फोटोवरूनच. मुलगा महेश, कंपनीत शिफ्टला जाणारा. बोलायला असा, की एक वाक्य संपून दुसरं सुरू होईपर्यंत रोहा गाडी निघून जावी. बघायला मंडळी आली तेव्हा नानांनी खुर्च्यांची मांडणी आदल्या दिवशीच ठरवून टाकली होती. सुलूची खुर्ची खिडकीपाशी, महेशची तिच्या उजव्या हाताला. म्हणजे त्याला फक्त उजवा डोळा दिसावा. मी पोह्यांच्या बशा फिरवायला होतो, शेजारधर्म म्हणून आणि गंमत बघायला मिळते म्हणून.

चहा अर्धा झाला आणि महेश उठला. काही न बोलता आपली खुर्ची उचलून सुलूच्या डाव्या बाजूला नेऊन ठेवली आणि तिथं बसून उरलेला चहा प्यायला. महेशच्या आईनं त्याच्याकडं बघितलं. तो म्हणाला, "चालेल."

साखरपुड्यानंतर त्यानं सुलूचा एक फोटो मागितला. नानांनी दोन दिवस खपून पाठवला. त्यावर त्याचा एवढाच निरोप आला: "सुलूचा पाठवा." नाना मला मोबाईल दाखवून म्हणाले, "जावई थट्टेखोर दिसतोय रे." मी म्हटलं, "दिसतोय खरा." सुलू आतून पाणी घेऊन येत होती. तिनं तो निरोप वाचला आणि हसली. डोळा पार नाकापर्यंत गेला होता.

लग्नात ती मांडवात मान खाली घालून बसली. लोकांना वाटलं, काय मर्यादशील मुलगी आहे. अल्बमवाल्याच्या बाजूला नाना स्टूल टाकून बसले होते. तेव्हा जे काही दोन-चार फोटो समोरून निघाले होते, त्यांचंही काय झालं असेल ते तुम्हीच समजा.

रोह्याला ती सुखात होती. नाना सणाला जायचे, सण नसला तर शोधून काढायचे. तिचं सासर नदीपासून जवळ. येताना मोबाईलमध्ये तिचे फोटो भरून आणायचे आणि रेल्वेत बसल्या बसल्या सुधारायला घ्यायचे. पेण स्टेशन निघून जायचं. पुढच्या स्टेशनावर उतरून परत यायचे. मी दुसऱ्या दिवशी दवंडी द्यायचो.

मग एका श्रावणात सुलूला कावीळ झाली, आणि गणपती बसायच्या आत सुलू गेली.

याच्यापुढं मला ते वर्णन करून सांगता येणार नाही. मी बोलका माणूस आहे, पण ते जमत नाही.

कारखान्यात त्या वेळी मूर्ती रांगेनं डोळ्यांची वाट बघत होत्या. नानांना सुतक. सुतकात मूर्तीला हात लावत नाहीत. मालकानं दुसऱ्या गावाहून माणूस आणून काम उरकलं. हात नुसते मांडीवर ठेवून बसायची सवय नानांना नव्हती. त्यांनी सुलूचा एक फोटो निवडला, मोठा करून आणला, खडबडीत कागदावर, ब्रश धरेल असा. मोबाईलमध्ये एकदा सुधारलेलाच होता. त्यावर ते पुन्हा ब्रशनं बसले. पापणीचा केस न्‌ केस. बुबुळातला उजेडाचा ठिपका. मी आजवर पाहिलेलं त्यांचं सगळ्यात सुंदर काम. खोलीच्या कुठल्याही कोपऱ्यात उभे राहा, तुमच्याकडंच बघतेय असं वाटावं. मी सागवानी चौकट केली. त्या दिवशी दवंडी दिली नाही. रोह्याच्या घरात तो फोटो लागला, हार चढला.

दसऱ्याच्या पुढंमागं महेशच्या आईचा नानांना फोन आला. नाना फोन कानाला लावूनच माझ्या दुकानात आले. त्या बाई सांगत होत्या, की महेशनं फोटो भिंतीवरून उतरवलाय आणि कपाटावर पालथा घालून ठेवलाय. कारण सांगत नाही.

नाना बसले. माझ्या काउंटरवरच्या काचा त्यांनी एकावर एक सारख्या करून ठेवल्या. मग म्हणाले, "काहीतरी चूक राहिली असणार बाळ्या. सुतकात केलं ना, हात थाऱ्यावर नव्हता. मी येतो जाऊन. जी चूक असेल ती तिथंच वाईच सुधारतो. तू चल, चौकट उघडायला लागेल."

आम्ही निघालो. माझ्या पिशवीत पक्कड आणि खिळे, त्यांच्या पिशवीत रंगाच्या वाट्या, कापूस आणि ब्रश. गाडीत ते पिशवी मांडीवर घेऊन बसले. मी दोन-तीन विनोद करून बघितले. ते माझ्याही कानाला वाईट लागले.

महेश घरीच होता. दुपारच्या शिफ्टला जायचं होतं, कंपनीचे कपडे चढवलेले. आम्हाला बघून "या" म्हणाला आणि उंबऱ्यावर बसून, पाठ आमच्याकडं करून बूट घालायला लागला. त्याच्या आईनं पाणी दिलं, कपाटावरचा फोटो काढून पदरानं पुसून नानांच्या मांडीवर ठेवला.

नानांनी तो उजेडाकडं तिरका करून बघितला. "काय चूक दिसली, विहीणबाई? मला तर काय दिसत नाय."

"चूक नाय हो व्याही," त्या म्हणाल्या. "तीच तर पंचाईत हाय. चूक कायच नाय त्यात. आमची सुलू अशी कुठं होती?"

नानांनी फोटो पुन्हा उजेडाकडं धरला.

"मी आपली हार घालते, दिवा लावते. पण खरं सांगू का, कोणा परक्याच्या बाईला दिवा लावल्यासारखा वाटतो. हा तर बघतच नाय तिकडं. एक दिवस म्हणाला, आई, ही मला वळखत नाय. नि उतरवलान."

महेशचे हात बुटाच्या नाडीवर थांबले होते.

मी मधे पडलो. म्हटलं, "महेश, तुझ्या मोबाईलमध्ये असतील की तिचे. साधे, घरातले. त्यातला एखादा लावू."

त्यानं न वळता मोबाईल मागे सरकवला. नाना एकेक फोटो बघू लागले, मी त्यांच्या खांद्यावरून. सुलू भाकरी थापतेय, मान उजवीकडं. सुलू नदीवर, हनुवटी खाली. सुलू दिवाळीच्या पणत्यांपुढं, नजर पायाच्या अंगठ्याकडं. सुलू सासूबाईंबरोबर हसतेय, आणि हसता हसता नेमकी वळलेली. नवऱ्यानं प्रेमानं काढलेले इतके फोटो, आणि एकाही फोटोत तिनं त्याच्याकडं बघितलं नव्हतं.

नाना शेवटपर्यंत गेले. मोबाईल खाली ठेवला.

"मान बरोबर वळवलेय," ते म्हणाले. "कुठंच चुकली नाय."

महेशच्या आईनं डोळ्याला पदर लावला. मग त्याच पदरानं नाक पुसून त्या सरळ कामाचं बोलल्या. "तुम्ही वरनं रंग दिलाय ना? मग पुसा की तो. खाली असेल आमची सुलू."

मी चौकट उघडली, काच बाजूला घेतली. नानांनी कापूस ओला केला आणि स्वतःचं ते सुंदर काम अगदी हलक्या हातानं पुसलं. खालून दुसरी सुलू निघाली. तीही सुधारलेलीच, मोबाईलमधली. तिचेही दोन्ही डोळे सरळ.

"हिच्या खाली?" बाईंनी विचारलं.

"हिच्या खाली नाय काय," नाना म्हणाले. "मी ठेवलंच नाय."

बाहेर कोणाच्यातरी अंगणात भात झोडपायचा आवाज येत होता.

नानांनी अचानक ब्रश उचलला. "विहीणबाई, समोर बसा. मी डोळा फिरवतो. कुठं थांबायचं ते तुम्ही सांगा."

त्यांनी डावं बुबुळ पांढऱ्यानं झाकलं आणि नव्यानं काढायला घेतलं. काढलं आणि आम्ही तिघांनी बघितलं. सरळ. त्यांनी पुसलं. पुन्हा काढलं. पुन्हा सरळ. हात उजव्या डोळ्याकडं बघायचा आणि त्याचाच जुळा काढून मोकळा व्हायचा. नाना घामानं निथळले. "ऐकत नाय रे हात," ते मला म्हणाले, एखाद्या पोराची तक्रार सांगावी तसे. "बाळ्या, याला वाकडं येतच नाय."

मग त्यांनी देवघरातल्या उदबत्तीच्या पुड्याचा कागद मागून घेतला, पाण्यानं ओला केला आणि फोटोतल्या उजव्या डोळ्यावर चिकटवला. आता जुळवायला जोडीदारच दिसेना. एकच डोळा, एकटा.

"सांगा."

"वाईच नाकाकडं," बाई म्हणाल्या.

"एवढा?"

"अजून. आमच्यावर चिडली की कसा जायचा? हां, अजून थोडा."

"आता?"

"अहो, एवढा नको! एवढा तर हसताना जायचा. तिनं हसलंच पाहिजे असं नाय. वाईच मागं घ्या."

"असा?"

बाई पुढं वाकल्या, मागे झाल्या, मान एका बाजूला कलती करून बघितलं. मग त्यांनी होकाराची मान हलवली.

नानांनी श्वास धरला. उजेडाचा ठिपका टेकवला. ब्रश उचलला. मग ओला कागद हळूच सोलून काढला आणि फोटो भिंतीला टेकवून उभा केला. स्वतः मात्र बघितलं नाही. कारखान्यात डोळे काढून झाले की ते मागे सरकून हात जोडायचे. इथं ते कापसाला लागलेला रंग बोटांनी चुरत बसले आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिले, की मी काय म्हणतोय.

मला काय म्हणायचं होतं? जणू माझ्या काउंटरवर कोपरं टेकून सुलूच उभी होती. ती माझ्याकडं बघत होती, की सासूकडं, की दारातल्या उजेडाकडं, काही सांगता येत नव्हतं.

बाहेर कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला. महेश उठला. डबा घ्यायला फळीकडं वळला आणि जागच्या जागी थांबला. हॉर्न दुसऱ्यांदा वाजला. तो तसाच, एका बुटाची नाडी सुटलेली, फोटोसमोर खाली बसला. त्या अबोल माणसाच्या तोंडून, आम्ही कोणी तिथं नसल्यासारखं, मोठ्यानं निघालं:

"कुठं होतीस गो इतके दिवस?"